अमेरिकेत 'दोन्ही पक्षांचा क्रिप्टोला पाठिंबा' अशी बातमी आली की ती वाचायची कशी

जुलै २०२५ ची गोष्ट. मालवणात पाऊस असा की समोरचा सिंधुदुर्ग किल्ला दिसत नव्हता, होड्या सगळ्या वर काढून झापांनी शाकारलेल्या, आणि मासेमारी बंदीच्या दिवसांत माणसाला मोबाईल सोडून दुसरा उद्योग नसतो. आमच्या शेजारचे दाजी, दोन होड्यांचे मालक, संध्याकाळी छत्री झटकत पडवीत आले आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "ह्या बघ रे, अमेरिकेत सत्तावाले नि विरोधक दोनव एक झाले. आता खयची भीती? माका सांग, घालू काय पैसे?" पैसे म्हणजे इंजिनाच्या कामासाठी बाजूला ठेवलेले दीड लाख.

व्हिडिओत एक मुलगा ओरडून सांगत होता की अमेरिकेने क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी, कायदेशीर केलं, दोन्ही पक्षांनी हात वर केले, आता मागे वळून बघायचं नाय. मी कुडाळला एका सीएकडे रिटर्न भरायचं काम करतो, बारा वर्षं झाली, स्वतः क्रिप्टोत एकदा हात भाजून घेतलाय (ते पुढे सांगतो), त्यामुळे दाजींना लगेच नाय म्हणलो नाही आणि हो पण म्हणलो नाही, चहा ठेवायला सांगितला आणि ती बातमी दोघांनी बसून सोलली, फणस सोलतात तशी, हाताला तेल लावून. आता परत तसलेच फॉरवर्ड फिरायला लागलेत म्हणून ते सगळं इथे लिहून ठेवतो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं बघायचं: झालंय काय नेमकं

'पाठिंबा' हा शब्द फार ढिला आहे. नेत्याने भाषण केलं तरी पाठिंबा, समितीने अहवाल दिला तरी पाठिंबा, राष्ट्राध्यक्षाने एकट्याने आदेश काढला तरी पाठिंबा आणि दोन सभागृहांनी मतदान करून कायदा केला तरी पाठिंबाच. या चारांत जमीन अस्मानाचा फरक आहे.

भाषणाचं उदाहरण घ्या. ट्रम्प २०२१ मध्ये टीव्हीवर बिटकॉइनला फसवणूक म्हणत होते आणि तेच ट्रम्प जुलै २०२४ मध्ये नॅशव्हिलला बिटकॉइनवाल्यांच्या परिषदेत जाऊन अमेरिकेला क्रिप्टोची राजधानी करतो म्हणाले. तीन वर्षांत. आपल्याकडे रिफायनरीचं नाणारला काय झालं नि मग बारसूला काय झालं, कोण कधी बाजूने होता नि कोण कधी विरोधात गेला, हे ज्याने बघितलंय त्याला यात नवल वाटायचं कारण नाय.

आदेशाचं उदाहरण म्हणजे सरकारी बिटकॉइन साठा. ६ मार्च २०२५ ला ट्रम्पनी सही केली, म्हणजे गुन्ह्यांत जप्त झालेले बिटकॉइन सरकारने विकायचे नाहीत, साठवायचे. बातमीत ते फार मोठं दिसलं. पण आदेश हा एका माणसाच्या सहीचा असतो, पुढचा येऊन दुसऱ्या सहीने तो पुसू शकतो, त्यात विरोधी पक्षाचा काहीच संबंध नाय.

कायदा म्हणजे दोन्ही सभागृहांत पास आणि वर राष्ट्राध्यक्षाची सही. खालच्या सभागृहात ४३५ सदस्य, वरच्या सभागृहात म्हणजे सेनेटमध्ये १००. आणि सेनेटची एक खोड अशी की बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात, मग कुठे खरं मतदान. ६० कोणाकडे सहसा एकट्याने नसतात. म्हणजे समोरच्या पक्षातले थोडे फोडल्याशिवाय, किंवा चांगल्या भाषेत पटवल्याशिवाय, गाडी हलत नाय. अमेरिकेत क्रिप्टोवाले 'दोन्ही पक्ष, दोन्ही पक्ष' करतात ते प्रेमापोटी नाय, हिशोबापोटी.

मतं मोजायची, मथळा नाय

दाजींचा व्हिडिओ होता जीनियस कायद्यावर. १७ जुलै २०२५ ला तो खालच्या सभागृहात ३०८ विरुद्ध १२२ ने पास झाला, दुसऱ्या दिवशी ट्रम्पची सही. ३०८ आकडा बघून छाती फुगते. मी वहीचं पान काढलं आणि दाजींना फोड करून दाखवली: ३०८ मध्ये रिपब्लिकन (ट्रम्पचा पक्ष) २०६, डेमोक्रॅट (विरोधी पक्ष) १०२. विरोधात १२२, त्यात डेमोक्रॅट ११०, रिपब्लिकन १२. म्हणजे मथळा 'दोन्ही पक्षांचा पाठिंबा' हा खोटा नाय, १०२ माणसं समोरून आली ही साधी गोष्ट नव्हे, पण त्याच पक्षातली ११० विरोधात गेली, म्हणजे तो पक्ष मधोमध चिरला गेला आणि थोडा जास्त भाग विरोधाकडेच पडला. दाजी वही बघून म्हणाले, "ह्या तर आमच्या सोसायटीच्या इलेक्शनासारख्या." अगदी तसंच.

आणि त्याच दिवशी, त्याच सभागृहात, अजून दोन विधेयकं पास झाली ती बघा, कारण व्हिडिओवाल्याने तिन्ही एकाच पातेल्यात टाकली होती. क्लॅरिटी नावाचं दुसरं, ज्यात कुठलं नाणं शेअरसारखं धरायचं नि कुठलं मालासारखं, कोणत्या सरकारी खात्याने कोणावर लक्ष ठेवायचं हे ठरवायचंय, ते २९४ विरुद्ध १३४, त्यात डेमोक्रॅट ७८. तिसरं, सरकारी मध्यवर्ती बँकेने स्वतःचा डिजिटल डॉलर काढू नये म्हणून आणलेलं, ते २१९ विरुद्ध २१०, जेमतेम, म्हणजे समोरचा पक्ष जवळजवळ पूर्ण विरोधात. एकच दिवस, तीन विधेयकं, तीन वेगवेगळ्या पातळ्यांचा पाठिंबा. 'क्रिप्टोला पाठिंबा' असं एकगठ्ठा काही नसतं, कशाला पाठिंबा ते विचारायचं.

आणि खालच्या सभागृहातून पास म्हणजे झालं असं पण नाय. क्लॅरिटी तिथून निघालं ते सेनेटच्या दारात उभंच राहिलं, २०२५ साल संपलं तरी आतून पास होऊन आलं नव्हतं. त्याच्या आधी मे २०२४ मध्ये त्याच धर्तीचं एक विधेयक खालच्या सभागृहात २७९ विरुद्ध १३६ ने पास झालं होतं, ७१ डेमोक्रॅट बाजूने होते, ते सेनेटमध्ये तसंच विरून गेलं. तेव्हाही मथळा हाच होता.

सेनेटमधलं जीनियसचं नाटक तर मला फार आवडतं, जरा थांबून सांगतो. विधेयक आणलं टेनेसीच्या बिल हॅगर्टींनी, ते रिपब्लिकन, त्यांच्या जोडीला रिपब्लिकन सिंथिया लमिस आणि न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅट कर्स्टन जिलिब्रँड. या दोघी बायका २०२२ पासून एकत्र क्रिप्टोचे कायदे लिहितायत, वेगळ्या पक्षांतून. समितीतून विधेयक दोन्ही बाजूंच्या मतांनी बाहेर आलं, सगळे म्हणाले आता झालंच. आणि ८ मे ला चर्चा थांबवायचं मतदान ४८ विरुद्ध ४९ असं पडलं! कारण मधल्या काळात ट्रम्प कुटुंबाशी जोडलेल्या कंपनीने स्वतःचंच एक स्टेबलकॉइन (डॉलरच्या किमतीला बांधलेलं नाणं, हा कायदा त्यावरच, पुढे सांगतो) काढलं होतं, मग डेमोक्रॅट म्हणाले नियम करणारा नि धंदा करणारा एकच कसा, शिवाय काळ्या पैशाविरुद्धची कलमं कच्ची आहेत. मग परत बसले, शब्द बदलले, ११ दिवसांनी चर्चा थांबवायला ६६ मतं मिळाली आणि १७ जूनला अखेरीस ६८ विरुद्ध ३० ने पास, १८ डेमोक्रॅट बाजूने. म्हणजे पाठिंबा आठ आठवड्यांत जातो आणि अकरा दिवसांत परत येतो. ८ मे ची बातमी वाचून विकणारा आणि जूनची बातमी वाचून घेणारा, दोघेही तेच करत होते, लाटेवर डोळे मिटून उडी.

आणि सगळं पास होऊन सुद्धा अडतं. मे २०२४ मध्ये बँकांनी लोकांचं क्रिप्टो सांभाळायचं झालं तर हिशोबात कसं दाखवायचं याच्या एका नियमाविरुद्ध दोन्ही सभागृहांनी, दोन्ही पक्षांच्या मतांनी ठराव केला, आणि ३१ मे ला बायडेननी नकाराधिकार वापरून तो उडवला. मग जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर तोच नियम खात्यानेच मागे घेतला. म्हणजे मतांनी जे झालं नाय ते खुर्ची बदलल्याने झालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्वपक्षीय पाठिंबा दोन तऱ्हेचा असतो, एक कोकण रेल्वेसारखा आणि एक मुंबई-गोवा हायवेसारखा. रेल्वेचं बघा, १९९० मध्ये महामंडळ झालं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधु दंडवते अर्थमंत्री, मग व्ही. पी. सिंगांचं सरकार पडलं, चंद्रशेखर आले, नरसिंह राव आले, देवेगौडा, गुजराल, पण काम कोणी थांबवलं नाय आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. कारण महामंडळ होतं, पैसा उभा करायची सोय होती, इंजिनियर होते. हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्याला पण कुठल्याच पक्षाचा विरोध नाय, कोणी आमदार खासदार सांगा जो म्हणाला रस्ता नको, आणि आमचे चाकरमानी अजून दर गणपतीला कुठल्या डायव्हर्जनवर किती तास अडकलो ते सांगत घरात शिरतात. बातमी वाचताना विचारायचं की ही रेल्वे आहे की हायवे. पैसा, खातं, तारीख, या तीन गोष्टी लिहिल्या असतील तर रेल्वे.

जीनियसमध्ये तारीख आहे बरं का. पण ती सहीच्या दुसऱ्या दिवसाची नाय. सहीपासून १८ महिने, किंवा खात्यांनी अंतिम नियम काढल्यावर १२० दिवस, जे आधी येईल ते. म्हणजे जास्तीत जास्त जानेवारी २०२७.

कशाला पाठिंबा मिळालाय ते उघडून बघा

इथे दाजी जरा हलले. कारण मी सांगितलं की जीनियस कायदा बिटकॉइनवर नाहीच मुळी. तो आहे स्टेबलकॉइनवर.

स्टेबलकॉइन म्हणजे काय तर जत्रेतलं कूपन समजा. मंडळ तुमच्याकडून शंभर रुपये घेतं आणि शंभराचं कूपन देतं, आत सगळीकडे ते कूपन चालतं, उरलं तर परत करून शंभर घ्यायचे. मंडळाने त्या जमलेल्या पैशातून लाईटवाल्याचं बिल भागवलं, आणि रात्री अकराला सगळे कूपन परत करायला आले, तर भांडण. कायदा म्हणतो तसं करायचं नाय. जेवढी कूपनं बाहेर तेवढे डॉलर, रोख किंवा अमेरिकन सरकारचे अल्प मुदतीचे रोखे, बाजूला ठेवायचे, दर महिन्याला किती आहेत ते जाहीर करायचं, आणि कूपन धरून बसलेल्याला कंपनीने व्याज द्यायचं नाय. एवढाच मुख्य गाभा. कूपनाची किंमत वाढायचा प्रश्नच नाय, शंभराचं शंभरच राहिलं पाहिजे, त्यासाठीच तर कायदा.

"मगे ह्येच्यात बिटकॉइन खय इला?" दाजी म्हणाले.

आलंच नाय. व्हिडिओत मात्र मागे बिटकॉइनचं सोनेरी नाणं फिरत होतं.

आता दोन्ही पक्षांना यात काय मिळतं ते पण बघायला पाहिजे, फुकट कोणी हात वर करत नाय. एक तर डॉलर. जगभर लोक ही डॉलरची कूपनं वापरायला लागले की त्यामागे ठेवायला अमेरिकन रोखे घ्यावे लागणार, म्हणजे अमेरिकेच्या कर्जाला आयतं गिऱ्हाईक. हे कुठल्याही पक्षाच्या अर्थमंत्र्याला गोडच लागणार. दुसरं निवडणुकीचा पैसा. फेअरशेक नावाचा क्रिप्टो कंपन्यांच्या पैशावर चालणारा निवडणूक निधी आहे, त्याने २०२४ ला दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना मदत केली, आणि ओहायोत डेमोक्रॅट शेरॉड ब्राऊन, जे सेनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष होते नि क्रिप्टोबद्दल कडक होते, त्यांना पाडायला सुमारे ४ कोटी डॉलर ओतले. ब्राऊन पडले. पुढच्या वर्षी मतदानाला बसलेल्या किती जणांच्या डोळ्यासमोर ते होतं हे मी कशाला सांगू.

तिसरं कारण मात्र खरं आणि प्रामाणिक आहे, ते विसरायचं नाय. नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्स नावाचं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो घ्यायचा-विकायचा बाजार, कोसळलं, लोकांचे पैसे अडकले, मालक सॅम बँकमन-फ्राइड मार्च २०२४ ला २५ वर्षांसाठी आत गेला. तो स्वतः दोन्ही पक्षांना देणग्या वाटत फिरायचा, हे एक आहेच. पण त्या प्रकरणानंतर बऱ्याच सदस्यांचं म्हणणं असं झालं की नियम नाहीत म्हणून हे होतंय, नियम करा. म्हणजे बाजूने मत देणारे सगळे क्रिप्टोप्रेमी नव्हते, त्यात बरेच लगाम घालायला निघालेले होते. आणि डेमोक्रॅट सेनेटर एलिझाबेथ वॉरनसारखे विरोध करणारे म्हणत होते की लगाम सैल आहे. होय आणि नाय दोन्ही बाजूंना लगामाचीच चर्चा, आणि व्हिडिओत त्याचं भाषांतर 'घोडा जिंकणार' असं!

आता आपल्याकडे

अमेरिकेतली मतं कुडाळच्या रिटर्नमध्ये कुठल्या रकान्यात जातात? कुठल्याच नाय. तुम्ही भारतात राहता, तुम्हाला इथला कायदा लागू.

आणि इथे 'दोन्ही पक्षांचा पाठिंबा' शोधायची पद्धतच वेगळी लागते. अमेरिकेत सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊन घरी जेवायला जातो, काही होत नाय. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतर बंदीचा कायदा आहे, व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला नि विरोधात मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून आपल्या संसदेतली मतं मोजून मनातलं काही कळत नाय. तुम्हाला बघायचंच असेल तर अर्थ खात्याच्या स्थायी समितीकडे बघा, तिथे सगळ्या पक्षांचे खासदार बसतात आणि व्हिप नसतो, नोव्हेंबर २०२१ मध्ये याच समितीने क्रिप्टोवाल्यांना बोलावून ऐकून घेतलं होतं. संसदेतले प्रश्नोत्तरं बघा, लोकसभा राज्यसभेच्या साईटवर फुकट मिळतात, सरकारने लेखी काय उत्तर दिलं ते मंत्र्याच्या मुलाखतीपेक्षा जास्त खरं. आणि १ फेब्रुवारीला बजेट भाषण ऐकून झालं की वित्त विधेयकाचं टिपण वाचा, भाषणात नसलेलं त्यात असतं.

इथला आजवरचा प्रवास एका दमात सांगतो: एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नका, २०१९ ला सुभाष गर्ग समितीने बंदीची शिफारस केली, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक रद्द केलं, २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात बंदीच्या अंगाने जाणारं विधेयक यादीत आलं पण मांडलंच नाय, २०२२ च्या बजेटमध्ये टॅक्स लावला, मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंग विरोधी कायद्याखाली एक्स्चेंजना आणलं. बंदी नाय, मान्यता पण नाय, कर मात्र आहे. आमच्या आजीच्या भाषेत, घरात घेतलं नाय पण अंगणातला झाडू हातात दिला.

कराचं नीट समजून घ्या कारण इथेच मी भाजलो. नफ्यावर सरळ ३० टक्के, वर त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे लाखाच्या नफ्यावर ३१,२०० रुपये. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते, दुसरं काही नाय. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाय, पुढच्या वर्षी ओढून पण नेता येत नाय. मी हा कर लागला त्या पहिल्याच वर्षी दोन नाणी विकली, एकात ४० हजार सुटले, दुसऱ्यात ५० हजार गेले. घरचा हिशोब काय सांगतो, १० हजार बुडाले. कायद्याचा हिशोब काय सांगतो, ४० हजार नफा, कर भरा १२,४८०. म्हणजे बुडाले २२,४८०. मी दिवसभर दुसऱ्यांची रिटर्न भरतो आणि माझं स्वतःचं भरताना ही गंमत कळली, बायको अजून चिडवते. शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, ५० हजाराची विक्री केली तर ५०० कापून हातात. तो आयकर खात्याच्या साईटवर आपल्या नावच्या कर-कपातीच्या पत्रकात दिसतो, रिटर्नमध्ये परत मागता येतो किंवा करात वळता होतो, पण रिटर्नमध्ये क्रिप्टोचा वेगळा तक्ता आहे तो भरावाच लागतो, कोणी 'दिसत नाय, नको दाखवू' म्हणेल त्याचं ऐकू नका. टीडीएस कापला गेला तिथेच खात्याला दिसलं.

म्हणून अमेरिकेतली बातमी वाचली की स्वतःला एक साधा प्रश्न विचारायचा: याने माझा ३० टक्के बदलला का? तोटा वजा होणार का? नाय तर बातमी ज्ञानासाठी चांगली आहे.

एक्स्चेंज निवडायचं असेल तर ते केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदलेलं आहे का बघा. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर हॅकिंग होऊन साधारण २३.५ कोटी डॉलरचा माल गेला, लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, क्रिप्टोला तसलं काही नाय.

भाव नि बातमी

आंब्याचं सांगतो. फेब्रुवारीत वाशीला पहिली पेटी जाते तेव्हा पेपरात फोटो येतो, भाव काय, हार काय, पूजा काय. तो भाव बघून कोणी मे महिन्याचा हिशोब करत नाय, आपल्याकडचा दहावीतला पोरगा पण नाय करणार. बातमीचा भाव वेगळा, हंगामाचा वेगळा.

जीनियसच्या मतदानाच्या आठवड्यात, १४ जुलै २०२५ ला बिटकॉइन १ लाख २० हजार डॉलरच्या वर होतं. सगळं आधीच भावात आलेलं, मतदान व्हायच्या आधी, कारण मोठ्या लोकांना मतांची मोजणी महिनाभर आधी माहीत असते आणि आपल्याला ती व्हिडिओतून कळते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला १ लाख २६ हजाराच्या आसपास गेलं. आणि नोव्हेंबरमध्ये ९० हजाराच्या खाली. या काळात कायदा तोच, सही तीच, पाठिंबा पण तोच. फक्त भाव उतरला.

आणि अशा बातमीच्या पाठीवर बसून जे येतात त्यांच्यापासून सांभाळा. मोठी बातमी आली की आठवडाभरात टेलिग्रामवर ग्रुप उघडतात, 'आता सरकारमान्य', 'अमेरिकन कायद्याने सुरक्षित', नेत्याचा बनावट व्हिडिओ, ओठ हलतात मराठीत. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना तसल्या ग्रुपने पहिल्यांदा ५ हजारावर ७०० रुपये खरोखर दिले, म्हणून त्यांनी बचत गटाचे पैसे घातले, मग काढायला गेल्या तर 'आधी टॅक्स भरा मग पैसे सुटतील'. इथे कान टवकारायचे. कर सरकारला भरतात, ॲपवाल्याच्या यूपीआयवर नाय. असं काही झालं तर लाज सोडून लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, पहिल्या काही तासांत पैसे अडवायची शक्यता जास्त असते, नंतर ते कुठल्या कुठे जातात. त्या बाईंनी चार दिवस नवऱ्याला सांगितलं नाय, तिथेच सगळं गेलं.

हे सगळं करूनही कोणाला घ्यायचंच असेल तर घ्या, मी काय कोणाचा बाप नाय. फक्त बुडाले तरी घरात भांडण होणार नाय एवढेच, नोंदलेल्या एक्स्चेंजवर, स्वतःच्या पॅनवर, प्रत्येक खरेदीचा स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवून. मार्चमध्ये माझ्यासारखा कोणीतरी तुमच्यासमोर बसून खरेदीची किंमत विचारतो तेव्हा 'साधारण असेल' या उत्तराचा त्याला काही उपयोग नसतो.

दाजींनी वहीचं ते पान फाडून घेतलं, २०६ अधिक १०२, खाली ११० नि १२. घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं. "बाकी सगळा समाजला," म्हणाले, "पण तेंचे ११० विरोधात गेले तेंका कोणी पाडूक नाय?" मी म्हणलं दाजी, ती निवडणूक अजून यायचीय. मग छत्री उघडली, पायरीवर थांबले, "पैसे इंजनाकच लागतले, मिस्त्री परवा येता," आणि पावसात गेले. नारळी पौर्णिमेनंतर होडी उतरली तेव्हा पहिल्या दिवसाचे चार बांगडे आमच्या घरी आले.